सोळा तासांच्या सत्तावीस गाठी

टण्ण.

दुपारचं घर अगदी चिडीचूप होतं आणि स्वयंपाकघरात स्टीलच्या वाटीत काहीतरी पडलं. हातातला टॉवेल अर्धवट घडी करून तसाच टाकला आणि मी धावले.

रेवा फरशीवर मांडी घालून बसली होती. पुढ्यात वाटी, वाटीत एक चिंचोका.

"पडला?" मी विचारलं.

"नाही गं आई. प्रॅक्टिस करतेय." तिने चिंचोका उचलून पुन्हा वरून सोडला. टण्ण. "खरा पडेल तेव्हा असाच वाजेल ना?"

"तोंड उघड."

उघडलं. होता. खालचा, समोरचा, डावीकडचा. एका कोपऱ्यावर कसाबसा उभा. जिभेने ढकलला की बाहेर वाकून बघायचा, सोडला की परत आपल्या जागेवर. आज बारावा दिवस.

"जीभ लावू नको."

"मी नाही लावत. तीच जाते."

रेवा साडेपाच वर्षांची आहे आणि हा तिचा पहिलाच हलणारा दात. एरवी मी केव्हाच म्हटलं असतं, पाड बाई एकदाचा. पण शैलेशने घोळ करून ठेवला होता.

शैलेश माझा नवरा, उरणजवळच्या करंज्याचा. घरात पिढ्यान्‌पिढ्या होड्या. हा मात्र बंदरातल्या क्रेनवर चढला आणि आठ महिन्यांपूर्वी क्रेनवरूनच जणू उडी मारून ऑकलंडला, न्यूझीलंडमधल्या एका बंदरात, कामाला गेला. व्हिडिओ कॉलवर रेवाने दात हलवून दाखवला तेव्हा तो मोबाइलला इतका चिकटला, की आम्हाला त्याची एक भुवई तेवढी दिसत होती.

"ए, पाडायचा नाही हं! पहिला दात बापाने काढायचा. माझा तुझ्या आजाने काढला होता, जाळ्याचा दोरा बांधून. मी तीन आठवड्यांची सुट्टी घेऊन येतोय. तोवर धर."

झालं. त्या दिवसापासून रेवाने दात धरला. पोळीचा कडक भाग बंद, पेरू बंद, डावीकडून ब्रश बंद. सकाळ-संध्याकाळ दहीभात. प्रार्थनेच्या वेळी मुलगी ओठ घट्ट मिटून उभी असते, असं टीचरने डायरीत लिहून पाठवलं. मी खाली सही केली. काय लिहिणार?

आणि दिवसातून वीस वेळा एकच प्रश्न. "आई, बाबाला यायला किती वेळ लागेल?"

याचं उत्तर मात्र माझ्याकडे पक्कं होतं. मोबाइलवर दोन विमानतळांची नावं टाकायची, की अंतर आणि वेळ दोन्ही हजर. मी टाकलं. ऑकलंड ते आपलं इथलं नवी मुंबईचं विमानतळ, बारा हजार तीनशे किलोमीटर. पंधरा तास चाळीस मिनिटं.

"सोळाच धर," मी रेवाला म्हटलं. "उद्या पहाटे पाचला विमान सुटणार. तू उठशील तेव्हा दोन तास झालेलेसुद्धा असतील."

"सोळा म्हणजे किती?"

सोळा म्हणजे किती, हे साडेपाच वर्षांच्या बाईला कसं सांगायचं, या विचारात मी होते, तेवढ्यात बेल वाजली आणि माझे सासरे आले. उरणहून एसटीने, हातात पिशवी, पिशवीत सुके बोंबील आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी. त्यांचं नाव भगवान. मी त्यांना मामा म्हणते, रेवा आजा. मुलगा पनवेलला उतरणार म्हणून ते खास आले होते. शैलेशला सिंगापूरहून थेट मुंबईला येता आलं असतं. पण त्याने हट्टाने दिल्लीचा वळसा घेतला होता, का तर आपल्या दारातल्या विमानतळावर उतरायचं.

"उतरनारच," मामा चपला काढता काढता म्हणाले. "ती जागा कुनाची? विमानतळाच्या आदी खाडी व्हती, चिखलात आमी निवट्या मासं धरल्यात. माजा पोरगा माज्याच खाडीत उतरनार."

"आजा, बाबाला सोळा तास लागणार. सोळा म्हणजे किती?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. "कुनी सांगलं सोळा?"

मी मोबाइल दाखवला. त्यांनी तो हात लांब करून धरला, चष्म्याच्या वरून पाहिला, खालून पाहिला.

"हे सरळ रेघंचं हाय."

"हो, मग? विमान सरळच जातं ना मामा."

"वारा तोंडावर का पाठीवर, ते लिवलंय काय हितं?"

"नाही..."

"मधी थांबनार कुठं, किती, ते?"

"दोनदा विमान बदलायचंय. पण ते काय, एक उतरलं की दुसरं उभंच असतं." माझ्या डोळ्यांपुढे पनवेलचा एसटी स्टँड होता.

"मग हे अंतर हाय बाय, वेळ नाय," असं म्हणून त्यांनी मोबाइल परत दिला. "आमी करंज्यातनं निगताना कदी घरी सांगलं नाय अमक्या वाजता येतो म्हनून."

मला जरा राग आला. मी बी.कॉम. आहे, ठाण्यात वाढलेली आहे आणि मी नुसतं मोबाइलवर विसंबले नव्हते. शैलेश म्हणाला होता, शनिवारी पोचतो. पण तो आपल्यापेक्षा साडेसात तास पुढे असतो, म्हणजे त्याचा शनिवार उजाडतो तेव्हा आपला शुक्रवारच चालू असतो. हे मी मनात वजा करून काढलं होतं. शिवाय त्याच्या तिकिटाची पीडीएफ उघडून चार पानांतली शेवटची ओळ पाहिली होती. नवी मुंबई, ०८:०५. पुढे बारीक अक्षरात +१. शुक्रवारी पहाटे पाच अधिक पंधरा तास चाळीस मिनिटं म्हणजे रात्रीचे पावणेनऊ, तिकिटावर आठ-पाच. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक, तो काय, वाऱ्याचा. मामांचा वारासुद्धा हिशेबात बसला! आणि ते +१ म्हणजे एक बॅग.

मामांनी वाद घातला नाही. वर्तमानपत्राची गुंडाळी सोडली. आत जाळ्याच्या पांढऱ्या दोरीचं रीळ होतं. सासूबाई होत्या तेव्हा होडी समुद्रात गेली की त्या अशाच दोरीला जेवढे दिवस तेवढ्या गाठी मारायच्या आणि रोज एक सोडायच्या. लहानग्या शैलेशला मोजता येत नव्हतं, म्हणून सुरू झालेली रीत.

"तासाला येक गाठ," मामा म्हणाले. "तुज्या आईला बांदू दे. हिशेब तिचा हाय."

त्यांनी दोरी कापली. सोळा गाठींना लागेल त्याच्या दुप्पट लांब.

"एवढी कशाला मामा?"

"असू दे."

मी सोळा गाठी मारल्या. बुटांच्या लेसला मारतो तशा, एक टोक ओढलं की सुटणाऱ्या. पोरीच्या बोटांना सोप्या. उरलेली दोरी हॉलच्या खिडकीच्या गजावरून खाली लोंबत राहिली.

शुक्रवारी रेवाला शाळेत पाठवलं नाही. सात वाजता उठल्या उठल्या तिने दोन गाठी ओढल्या. मग तासातासाला मोबाइलचा अलार्म, रेवाचं धावत येणं, सुर्रकन गाठ. मधल्या वेळात मी घर आवरलं, पाहुणा यायचा असल्यासारखं. नवऱ्यासाठी चादर बदलताना मला उगीचच लाजल्यासारखं झालं. शेजारच्या दमयंतीकाकू येऊन दाताची तपासणी करून गेल्या. "आजचा दिवस काही काढत नाही हा," म्हणाल्या. रेवाने त्यांच्याशी बोलणं टाकलं.

चार वाजता अकरावी गाठ सुटली. पाच राहिल्या. आणि फोन वाजला.

"किशोरी! पोचलो गं."

"पोचलास? एवढ्यात?"

"सिंगापूरला. मस्त नूडल्स खातोय. रेवाचा दात?"

"आहे. आता पाचच तास, म्हणावं, धर."

पलीकडे नूडल्स थांबले. "पाच तास कसले?"

"रात्री आठ-पाचला उतरतोस ना."

"सकाळी गं बाई! उद्या सकाळी आठ-पाच. शनिवारी. मी सांगितलं नव्हतं शनिवार?"

"पण तो तुझा शनिवार!"

"शनिवार सगळ्यांचा असतो! इथून दिल्ली, दिल्लीत साडेसहा तास बसायचं, मग तिकडे. तिकिटावर प्लस वन लिहिलंय की शेजारी, पुढचा दिवस म्हणून."

मी उरलेल्या पाच गाठींकडे पाहिलं.

"किशोरी? प्लस वन म्हणजे काय वाटलं तुला?"

"...बॅग."

तो इतका हसला, की सिंगापूरच्या विमानतळावर लोकांनी वळून पाहिलं असेल. मलाही हसू फुटलं, पण अर्ध्यात अडकलं. कारण समोर रेवा दोरी धरून उभी होती आणि तिचा चेहरा अजिबात हसत नव्हता. मी स्पीकर बंद केला नव्हता.

मामा उठले. मला टाकून अजिबात बोलले नाहीत, यासाठी मी जन्मभर त्यांची ऋणी राहीन. त्यांनी दोरीचं लोंबणारं टोक मांडीवर घेतलं आणि गाठी मारायला बसले. या गाठी माझ्यासारख्या नव्हत्या. जाळं विणणाऱ्या हाताच्या, बारीक, घट्ट, ओढाल तेवढ्या आवळणाऱ्या. अकरा.

रेवाने सगळ्या मोजल्या. पाच माझ्या, अकरा आजाच्या. मग पुन्हा पहिल्यापासून मोजल्या.

"सोळा!" ती किंचाळली. मग दाताची आठवण होऊन हळू आवाजात म्हणाली, "आई, परत सोळा आहेत. बाबा उलटा गेला?"

"नाही गं राणी."

"सकाळी सोळा होते. अकरा तास उडला. आता परत सोळा. म्हणजे तो तिथेच आहे."

"येतोय गो," मामा म्हणाले. "दोरी लांबली, बाबा नाय लांबला."

"पण माझा दात रात्रभर कसा राहील?"

हा खरा प्रश्न होता. रेवा पालथी झोपते, उशी चावते, स्वप्नात बडबडते. तिने स्वतःच उपाय काढला: आता बाबा येईपर्यंत बोलायचंच नाही. आणि नाही बोलली! संध्याकाळभर आमच्या घरात खुणांचा कारभार चालला. दूध हवं तर अंगठा तोंडाकडे. शू आली तर करंगळी. मामांना तर त्यात इतकी मजा आली, की तेही मुके झाले. दोघं गॅलरीत बसून वरून उतरणारी विमानं बघत होते आणि प्रत्येक विमानाला मान हलवून सांगत होते, हे नाही, हे पण नाही. आठ महिन्यांत घर एवढं शांत कधी नव्हतं आणि मला ती शांतता बिलकूल आवडली नाही.

साडेआठला दहीभात खाऊन, उरलेल्या गाठी उशाशी घेऊन ती झोपली. उताणी. मी दोन्ही बाजूंना लोड लावले.

सकाळी सहाला मी डोळे उघडले तर रेवा बिछान्यात बसून होती. तोंडात बोट. मी विचारायच्या आधीच तिने मान डोलावली. आहे!

मग रात्रीच्या गाठी. आठ वाजायला दोन तास राहिलेले, म्हणजे दोन गाठी ठेवून बाकीच्या सोडायच्या होत्या. पण या आजाच्या गाठी. एक सोडवताना रेवाची नखं दुखली, दुसरीला माझी. मी केसांतली पिन काढली, मग काटा-चमचा आणला. मामा चहा पीत गंमत बघत होते.

"अहो मामा, एवढ्या घट्ट मारतात का?"

"सैल मारल्या तर म्हावरं पळतंय."

सातची गाठ पिनेने सुटली तेव्हा आम्ही दाराला कुलूप लावत होतो. एकच राहिली. ही विमान टेकलं की सोडायची, असं ठरलं आणि रेवाने दोरी मनगटाला गुंडाळून घेतली.

आमच्या खांदा कॉलनीतून विमानतळ कितीसं लांब? टॅक्सीत बसलो, चांगली मोठी मोकळी सडक, मामा पुढे बसून ड्रायव्हरला सांगत होते की हा पूल आहे ना, इथे भरतीला कंबरभर पाणी असायचं. ड्रायव्हर हो हो म्हणत होता. मी पर्समध्ये लिपस्टिक शोधत होते. साडेसात होऊन गेले होते.

आणि मग मला जाणवलं, की माझ्या बाजूला काहीतरी फार वेळ शांत आहे.

रेवाने दोरी तोंडातून काढली. माझ्यापुढे धरली. शेवटच्या गाठीत, जाळ्यात बारकी मांदेली अडकावी तसा, दात. पांढऱ्या दोरीवर रक्ताचा एक टिपका.

वाटी नाही, टण्ण नाही, काहीच वाजलं नाही. चौदा दिवस आम्ही त्या आवाजासाठी कान लावून होतो.

"मी नुसती ढिली करत होते," ती म्हणाली. मधल्या फटीतून पहिल्यांदाच हवा गेली, ते तिलाही नवीन होतं. "आठ वाजता पटकन सुटावी म्हणून. चावली नाही आई, नुसती धरली." आणि मग ओठ खाली वळला. "बाबा अजून आकाशात आहे. मी अर्धा तास पण नाही ठेवू शकले."

मी रुमाल तिच्या तोंडाला लावला. चूक माझी होती. सोळा तास म्हणून सांगितलं नसतं, तर त्या घट्ट गाठी आल्याच नसत्या. मी तिला जवळ ओढलं आणि म्हटलं, "बाबा काही म्हणणार नाही गं." पण हे उत्तर तिला नको होतं, मलाही ठाऊक होतं.

"बघू," मामांनी पुढून हात मागे केला. दोरी घेतली. ड्रायव्हरही आरशातून बघायला लागला. मामांनी गाठ चष्म्याजवळ नेली, उजेडाला धरली, बोटाने चाचपली.

"गाठ सुटली काय?"

"नाही," रेवा हुंदक्यातून.

"मंग दात काडला कुटं?"

"पडला ना पण!"

"तोंडातनं गेला. काडला नाय. हे बघ बाय, जाळ्यात म्हावरं अडकलं म्हनून ते मिळालं, असं आमी म्हनत नाय. कितीदा तर वर घेता घेता जातंय. जाळ्यातनं काडून होडीत टाकलं, तवा मिळालं. हा अजून जाळ्यातच हाय."

रेवाने रुमाल बाजूला केला. दाताकडे पाहिलं. आजाकडे पाहिलं. खटला चालू असावा तसा ती विचार करत होती.

"मग काढणार कोण?"

"ते ठरलंय की तुमचं."

त्यानंतर तिने ती दोरी परत घेतली आणि दोन्ही तळहातांत अशी धरली, की जणू दिवा नेतेय वाऱ्यातून. टॅक्सीतून उतरताना मी तिला उचललं, तेव्हा हात तसेच. बाहेर येणाऱ्यांच्या दारापाशी गर्दी होती. मामा पायाखालच्या चकचकीत फरशीकडे बघत होते. "हितंच कुटंतरी," ते पुटपुटले, "माजा बूट रुतला व्हता येकदा. निगालाच नाय." आणि खाली बघत राहिले, जणू अजून दिसेल.

फळ्यावर विमान उतरलं म्हणून आलं. मग वीस मिनिटं कोणीच नाही. मग सगळे एकदम. आणि त्यांच्यात शैलेश, दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले, ढकलगाडीवर दोन बॅगा.

"दोन बॅगा," मी म्हटलं. आठ महिन्यांनी नवऱ्याला भेटल्यावर मी पहिलं वाक्य हे बोलले.

"प्लस टू," तो म्हणाला आणि ढकलगाडी सोडून माझ्याकडे वळला.

पण रेवा मधे घुसली. "बाबा, हात लावायचा नाही आधी. बस खाली."

तो फरशीवर बसला, तिथेच, ढकलगाड्यांच्या वाटेत. तिने तळहात उघडले. तोंडही उघडलं, फट दाखवायला.

"तोंडातून गेला, पण मी काढला नाही. हा जाळ्यात आहे. आजाला विचार."

शैलेशने बापाकडे पाहिलं. मामांनी नुसती मान हलवली, हो म्हणून. शैलेशने दोरी हातात घेतली. कोळ्याचा मुलगा तो. क्रेन चालवून हात जाड झालेत, तरी गाठ कुठून ढिली होते ते बोटांना माहीत होतं. ओढली नाही. उलट दोन टोकं आत ढकलली, गाठीचं पोट दाबलं. पाच सेकंद. दात त्याच्या तळव्यावर पडला.

"काढला," तो म्हणाला.

"काढला!" रेवा ओरडली, इतक्या मोठ्याने की सुरक्षारक्षक वळून पाहू लागला. कालपासून साठलेलं सगळं बोलणं एकदम बाहेर आलं, नूडल्स, चिंचोका, दमयंतीकाकू, परत सोळा, उलटा बाबा, आईची बॅग. शैलेश ऐकत होता. मी त्याच्या मनगटावरचं घड्याळ पाहिलं. त्यात अजून दुपारचे चार वाजले होते. तो ते बदलायला विसरला होता आणि मी काही आठवण करून दिली नाही.

परतीच्या टॅक्सीत दात शैलेशच्या शर्टाच्या खिशात होता. आता ओहोटी बघून खाडीत सोडायचा, असं बापलेकांनी ठरवलं. सत्तावीस गाठींची दोरी सुटून नुसती दोरी झाली होती, जागोजागी वाकडी. रेवा ती सरळ करत बाबाच्या मांडीवर बसली होती. मग हळूहळू तिचं बोलणं थांबलं. गाल आतून फुगला. जीभ काहीतरी शोधत होती, हे मला आता लगेच कळतं.

ती माझ्या कानाशी आली. बाबाला ऐकू जाऊ नये इतकं हळू.

"आई, शेजारचा पण हलतोय वाटतं. अगदी थोडासा. हा कधी पडेल गं, बाबा असताना की बाबा गेल्यावर?"